पिशवी ‘कापडी’, पण कशाची?

खानदेशातून सुरतेकडे येणाऱ्या गाडीस बारडोली मागे पडल्यावर आणि उधना येण्यापूर्वी चलथाण हे स्थानक लागते. पलसाणा तालुक्यातील या गावी सहकारी साखर कारखाना आहे, भोवती उसाचे मळे आहेत आणि कडोदऱ्याच्या बाजूस कापडाची रंगाई-छपाई करणाऱ्या गिरण्या आहेत. पोटापाण्यासाठी इकडे आलेल्या खानदेशी मंडळींमुळे अहिराणी वळणाची मराठी येथे सहज कानी पडते. मागील खेपेस तेथे भाजी घेताना आम्ही पिशवी मागितली. भाजीवाल्या मावशींनी एक हिरवी, मऊ पिशवी पुढे केली आणि म्हणाल्या, “घ्या भाऊ, कापडी आहे, प्लॅस्टिक नाही.”

पिशवी पॉलिप्रॉपिलीनची होती. तिचे तंतू विणलेले नव्हते. उष्णतेने दाबून एकमेकांस चिकटवलेले होते. मावशींनी आम्हांस फसवले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्यांना ज्याने पिशव्या विकल्या त्यानेही हेच सांगितले असणार. पुढे दोनच दुकाने टाकून एक भांडीवाला याच्या उलट युक्तिवाद करीत होता: “हे साधे प्लॅस्टिक नव्हे, पॉलिमर आहे!” एकाने कापड हा शब्द आडोशास घेतला, दुसऱ्याने पॉलिमर. दोन्ही आडोसे टिकतात, कारण प्लॅस्टिक आणि पॉलिमर यांतील भेद आपल्या रोजच्या बोलण्यात उतरलेलाच नाही.

‘प्लॅस्टिक’ हा शब्द मुळात ग्रीक. घडवता येण्याजोगे, साच्यात आकार घेणारे असा त्याचा भाव. म्हणजे हे नाव पदार्थाच्या वागण्यावरून पडले. ‘पॉलिमर’ मात्र पदार्थाच्या अंतर्रचनेचे नाव आहे. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने 1833 साली हा शब्द योजला तो काहीशा वेगळ्या अर्थाने. लहान रेणू साखळीसारखे जोडले जाऊन प्रचंड रेणू बनतात, हे स्टाउडिंगर यांनी 1920 साली मांडले, तेव्हा त्यांचे समकालीन ते मानावयास तयार नव्हते. 1953 साली त्याच कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मराठीने या पदार्थास ‘बहुवारिक’ असे नाव दिले आणि साखळीतील एका दुव्यास ‘एकवारिक’. हिंदीने ‘बहुलक’ पत्करले. आम्हांस मराठी शब्द अधिक नेमका वाटतो. ‘वार’ म्हणजे खेप, आवृत्ती. ‘वारंवार’ म्हणताना आपण तोच वार योजतो. तेच एकक पुनःपुन्हा येते, हे ‘बहुवारिक’ उच्चारताच ध्यानी येते. महाराष्ट्रातील शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत हा शब्द आहे. तो परीक्षेनंतर पुस्तकातच राहतो, ही आमची तक्रार.

भेद समजून घेण्यास चलथाणइतके सोयीचे गाव नाही. उसाच्या रसातील साखरेचा रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोनच एककांचा. ती बहुवारिक नव्हे. पण रस काढून उरलेल्या चोथ्यातील सेल्युलोज त्याच ग्लुकोजच्या शेकडो-हजारो एककांची साखळी आहे, म्हणून ते बहुवारिक. तेच सेल्युलोज कापसात आणि तागात आहे. यांपैकी कशासही प्लॅस्टिक म्हणता येणार नाही. साखर भरण्याची विणलेली पांढरी गोणी पॉलिप्रॉपिलीनची. ती बहुवारिकही आणि प्लॅस्टिकही. प्रत्येक प्लॅस्टिकाच्या मुळाशी बहुवारिक असते आणि त्यात मृदुकारी द्रव्ये, रंग, भरण इत्यादी मिसळून वस्तू घडते; उलट प्रत्येक बहुवारिक प्लॅस्टिक नसते. सीमारेषा कधी ओलांडलीही जाते: सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून त्यात कापूर मिसळला की सेल्युलॉइड हे प्लॅस्टिक होते. दादासाहेब फाळके यांचा 1913 सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच फितीवर उतरला होता.

आता गिरण्यांकडे वळू. सुरतेची साडी बहुतांशी पॉलिएस्टरची, आणि पाण्याची बाटली ज्या बहुवारिकाची असते त्याच बहुवारिकाचा तिचा धागा असतो. साच्यात ओतले तर बाटली, बारीक छिद्रांतून ओढले तर सूत. बाटलीस आपण प्लॅस्टिक म्हणतो, साडीस कापड. बोलीत हे चुकीचे नाही; पण शिवणकामातून उरलेल्या चिंध्या बांधावर टाकताना ‘कापडच आहे, कुजेल’ असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा नावाने घात केलेला असतो. सुती चिंधी काही महिन्यांत मातीत मिसळते. पॉलिएस्टरची चिंधी वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि न्हाणीच्या चुलीत घातली तर वितळून ठिबकते, घुसमटवणारा धूर करते. तो धूर घरातल्या बायकांच्याच वाट्यास येतो.

कायदा या बाबतीत लोकभाषेच्या पुढे आहे. 2016 च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत प्लॅस्टिकची व्याख्या करताना उच्च बहुवारिक हा तिचा आवश्यक घटक म्हटला आहे, आणि पॉलिप्रॉपिलीनचे नाव त्यात स्पष्ट आहे. न विणलेल्या पिशव्याही 2021 च्या दुरुस्तीने कक्षेत आल्या. दर चौरस मीटरला 60 ग्रॅमहून हलकी पिशवी 30 सप्टेंबर 2021 पासून चालत नाही. आता मावशींनी हातातल्या पिशवीचे हे वजन कशावर तोलावे? उद्या तपासनीस आला तर दंड भरणार त्या, आणि ‘कापडी’ हा शब्द विकणारा कारखानदार नामानिराळा राहणार.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पिशवीवर, साडीच्या चिठ्ठीवर, गोणीवर बहुवारिकाचे नाव ठळक छापावे. चलथाणला गुजरातीत, नवापूरला मराठीत. सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळांतील शिक्षकांनी ‘बहुवारिक’ हा धडा शिकवताना मुलांना घरातली एक पिशवी आणि एक चिंधी आणावयास सांगावी. आम्ही ती हिरवी पिशवी जपून ठेवली आहे. पुढील खेपेस मावशींकडे भाजी घ्यावयास आम्ही घरची मांजरपाटाची पिशवी नेणार आहोत, आणि ही हिरवी त्यांना दाखवून तिचे खरे नाव सांगणार आहोत.