मी रेफरी आहे, कोच नाही

शनिवारी रात्री रग्बीच्या सामन्यात गोलरेषेच्या अगदी तोंडावर मॉल (चेंडू हातात धरलेल्या गड्याभोवतीचा उभा रेटारेटीचा घोळका) कोसळला, रेफरीने हात वर केला आणि समालोचकांनी नेहमीची टेप लावली: रेफरींनी नियमाचा अर्थ एकसारखा लावायला हवा. अहो, अर्थ नंतर लावा, आधी नियम तरी लावा! मॉलमध्ये निदान माणसं उभी असतात, कोणी कोणाला खाली ओढलं याचा अंदाज बांधता येतो. रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूसाठीच्या झटापटीत मात्र ‘पायांवर उभं राहा’ हे कलम पुस्तकातच राहतं. मदतीला धावून आलेला गडी चेंडूवरून थेट पालथा पडतो आणि रेफरी तेव्हा नेमका भलतीकडेच बघत असतो. (हे मी पूर्वीही लिहिलंय. पुन्हा लिहीन.)

अर्थ लावण्याचीच गोष्ट निघाली आहे, तर दोन सामने शेजारी ठेवून बघा.

2011चा विश्वचषक, वेलिंग्टन, उपांत्यपूर्व फेरी. चेंडू बहुतेक वेळ दक्षिण आफ्रिकेकडे, पण जिंकलं ऑस्ट्रेलिया, 11-9. प्रत्येक रकवर ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड पोकॉक ओणवा होऊन चेंडूला हात घालत होता आणि रेफरी ब्राइस लॉरेन्सची शिट्टी गप्प होती. आफ्रिकन चाहत्यांनी त्याला सोडलं नाही. आपली कामगिरी चांगली नव्हती, हे नंतर त्यानेही मान्य केलं आणि 2012मध्ये शिट्टी खाली ठेवली. नियम? जागचा हलला नाही.

आता 26 फेब्रुवारी 2017, ट्विकनहॅम, इंग्लंड विरुद्ध इटली. टॅकलनंतर इटलीचे खेळाडू चेंडूवर आलेच नाहीत. दोन्ही बाजूंचा किमान एकेक गडी भिडल्याशिवाय रक होत नाही, असं तेव्हाचं कलम होतं. रक नाही म्हणजे ऑफसाइडची रेषाही नाही! मग निळे जर्सीवाले बिनधास्त इंग्लंडच्या पासच्या वाटेत जाऊन उभे. इंग्लंडचा जेम्स हॅस्केल बिचारा रेफरी रोमेन प्वातला विचारायला गेला की रक करायला आम्ही नेमकं करायचं काय? प्वातचं उत्तर वर मथळ्यात आहे. मध्यंतराला इटली 10-5ने पुढे. इंग्लंडने शेवटी 36-15 असा सामना मारला, तरी कोच एडी जोन्स म्हणाले की याला रग्बी म्हणत नाहीत, प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे परत मागावेत.

प्वातने कुठलाही अर्थ लावला नव्हता, छापलेलं होतं तेच केलं. तरी त्याच वर्षी नियम बदलला. आता चेंडूवर एकच गडी उभा राहिला तरी ऑफसाइडची रेषा आखली जाते. म्हणजे आफ्रिका अख्खी 80 मिनिटं रडली तर रेफरी गेला आणि इंग्लंड अर्धा सामना गोंधळलं तर कलमच गेलं. योगायोग असेल. माझ्याकडे पुरावा नाही, फक्त संशय आहे आणि तो जुना आहे.

बदल वाईट होता असं नाही, खेळ सुटसुटीत झाला. पण ज्याने सगळ्यांना खरा त्रास होतो ते पायांवर उभं राहण्याचं कलम मात्र तसंच धूळ खात पडलंय.

पुढच्या सामन्यात एक करा. पहिल्या दहा रकच्या वेळी चेंडू सोडा, मदतीला आलेल्या गड्याचे गुडघे बघा. किती जण उभे राहिले ते मोजा आणि आकडा मला कळवा. माझा शनिवारचा आकडा होता दोन.