समुद्राला सातबारा नसतो

वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये उरकली. 76 हजार कोटींचा खर्च, दहा-बारा लाख रोजगार, जगातल्या मोठ्या बंदरांत गणना, हे सारे पुन्हा एकदा सांगून झाले. आणि बंदर समुद्रात भराव घालून उभे राहणार असल्याने एकही गाव उठणार नाही, ही ग्वाही प्रकल्पाच्या पाठीराख्यांनी कधीपासून चालवलीच आहे. आमचा आक्षेप या ग्वाहीला आहे. गाव उठणार नाही, पण गावाचे पोट ज्यावर चालते ते उठणार आहे. यालाच विस्थापन म्हणतात.

डहाणू नगरपरिषद आणि तिच्या दक्षिणेची धाकटी डहाणू, वाढवण, वरोर, चिंचणी ही गावे यांचे अर्थकारण एकच आहे. गावात बोटी लागतात, डहाणूच्या बाजारात मासळी येते, त्या पैशावर किराणा, जाळी, डिझेल, शाळेची फी सारे चालते. भराव पडणार 1448 हेक्टरवर. त्याच्याबाहेर दहा किलोमीटरहून अधिक लांबीची लाटारोधक भिंत. ज्या खडकाळ, उथळ पट्ट्यावर हे होणार, तिथेच घोळ, दाढा, शेवंड वाढतात असे इथला प्रत्येक मच्छीमार सांगतो. ओहोटी लागली की बाया गुडघाभर पाण्यातून खडकांवर उतरतात, कालवे सोडवतात आणि भरती यायच्या आत टोपलीभर माल घेऊन परततात. त्या बाईच्या नावावर होडी नाही, परवाना नाही. भरपाईच्या यादीत ती कुठल्या रकान्यात बसणार? शेतकऱ्याची दोन गुंठे जमीन गेली तरी तो सातबारा पुढे करतो. समुद्राला सातबारा नसतो, म्हणून त्यावर पिढ्यानपिढ्या जगणाऱ्यांचे काहीच गेले नाही, असे सरकारने धरले आहे.

हा टापू सरकारी मदतीवाचून उभा राहिला आहे. वाढवण-वरोर-चिंचणीच्या घराघरांत दागिन्यांचे डाय बनतात. खिडकीपाशी बसून पोलादाच्या ठोकळ्यावर केसाएवढ्या रेषा कोरणारे कारागीर इथे आहेत. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मासळी, बागायत आणि हातातली कला यांचा असा मेळ किती तालुक्यांत सापडेल? रोजगाराचे आकडे फेकणाऱ्यांनी आधी इथे आज किती हात कामात आहेत ते मोजायला हवे होते.

केंद्राने 1991 मध्येच डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने स्थापन झालेल्या आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असलेल्या प्राधिकरणाने 1998 मध्ये याच वाढवणचे बंदर नाकारले. पुढे बदलले काय? समुद्र तोच, खडक तेच, माणसे तीच. बदलला तो कागद. 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना औद्योगिक नसलेल्या कामांच्या वर्गात टाकले आणि जुलै 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने, न्या. धर्माधिकारी यांच्या पश्चात, बंदराला अटींसह ना-हरकत दिली. या पळवाटेची चीड येते.

खोल पाण्याचे बंदर देशाला हवे आहे आणि वाढवणला वीस मीटर नैसर्गिक खोली मिळते, हे मान्य. पण बंदर बांधणार कोण? 74 टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा. उरणला याच जवाहरलाल नेहरू बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला. हनुमान कोळीवाड्यात वसवलेल्या कुटुंबांची घरे वाळवीने पोखरली आणि हक्काच्या पुनर्वसनासाठी त्यांनी दशकानुदशके आंदोलने केली. तारापूरच्या अणुवीज केंद्रासाठी उठलेल्या अक्करपट्टी-पोफरणची कहाणी तर डहाणूकरांच्या शेजारचीच. कोकणच्या किनाऱ्यावर वीज, रसायने, बंदर यांपैकी काहीही आले तरी आधी आश्वासन, मग पोलीस बंदोबस्त, मग कोर्टाच्या तारखा हाच क्रम राहिला आहे. वाढवणच्या माणसांनी विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?

पायाभरणीच्याच समारंभात दीड हजार कोटींहून अधिक रकमेच्या मत्स्य प्रकल्पांचा आरंभ झाला, मासेमारी बोटींसाठी ट्रान्सपाँडर जाहीर झाले. बोटीला यंत्र द्यायचे आणि जिथे जाळे टाकायचे ते पाणीच काढून घ्यायचे, हे धोरण मच्छीमाराच्या हिताचे कसे?

भरावाचा एकही दगड पडण्यापूर्वी सरकारने प्रत्येक गावातील बोटमालक, खलाशी, मासळी वाळवणाऱ्या व विकणाऱ्या बाया, कालवे काढणाऱ्या, डाय कारागीर या सर्वांची नावानिशी नोंद करावी. ती यादी ग्रामसभांत आणि नगरपरिषदेच्या सभेत जाहीर वाचून दाखवावी, हरकती घ्याव्यात. भरपाई कोणाला, किती आणि कधी, हे लेखी द्यावे. आणि जी गावे इतकी वर्षे बंदर नको म्हणत आली आहेत, त्यांच्याशी पालकमंत्र्यांनी बंदोबस्ताविना, वाढवणच्या किनाऱ्यावर जाऊन बोलावे.