चौकोनातील आठवा

अमेरिकेतील ‘स्क्वेअर डान्स’ हे चार जोड्यांचे समूहनृत्य. पुकारणारा सांगेल त्याप्रमाणे आठांनी पावले टाकावयाची. सात जण कितीही निष्णात असोत, आठव्यावाचून चौकोन पुरा होत नाही. आणि त्याचे पाऊल चुकले की साऱ्यांचाच खोळंबा होतो. म्हणून काही क्लबांत जाणते आपसांतच चौकोन जमवितात आणि नवखा बाकावर बसून राहतो. तो पुन्हा येत नाही. पुढे क्लबच ओस पडतो. पुकाऱ्यांची ही परंपरा घडविण्यात गुलामगिरीतील कृष्णवर्णीय वादकांचा मोठा वाटा होता. गोऱ्या मालकांच्या चौकोनात त्यांना मात्र स्थान नव्हते. त्यांच्या वारशावर नाचणाऱ्यांनी तरी कोणास बाहेर ठेवू नये. नवख्याचा हात सर्वांत कुशल नर्तकाने प्रथम धरावा.