आजोबांच्या वयाचा वड

बालमित्रांनो, आपला राज्यपक्षी कोणता, सांगा पाहू? शाब्बास, हरियाल! पिवळ्या पायांचं हे हिरवट कबूतर जमिनीवर क्वचितच उतरतं. वड, पिंपळ, उंबराची फळं हे त्याचं आवडतं खाणं.

आपल्या परभणी जिल्ह्यात जंगल फारच थोडं. म्हणून सेलूतला जुना वड, दुधनाकाठचा उंबर हेच आपलं रान! ते तुटलं, तर पाखरांनी जायचं कुठं? आज लावलेलं रोप काही उद्या वड होत नाही.

शहरातल्या ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना २०२१ पासून कायद्यानं वारसा वृक्ष मानलंय. तेव्हा आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणापासूनची झाडं कोणती? यादी करा, आईबाबांसोबत नगरपरिषदेत नेऊन द्या. कराल ना?