चमकोचा पत्ता कुणी देईल का?

सबमिशनं संपली, व्हायवा कसाबसा पार पडला, की होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक ठराव एकमताने मंजूर होतो : आज काहीतरी हलकंफुलकं बघायचं. मारामारी नको, बदला नको, सात सीझनची सिरियल तर नकोच नको. अडीच तासांत दोघं भेटावीत, गैरसमज व्हावेत, हसून पोट दुखावं आणि आपण झोपायला मोकळं व्हावं. अशा वेळी जुन्या रोमँटिक कॉमेडीला तोड नाही. अडचण एवढीच, की ती बघायची कुठे?

उदाहरणादाखल सई परांजपे यांचा १९८१ चा 'चश्मे बद्दूर' घ्या. दिल्लीत एका खोलीत राहणारे तिघे. त्यातला एक (फारूख शेख) अभ्यासू, बाकीचे दोघे (राकेश बेदी आणि रवी बासवानी) आपल्यासारखे. पानवाल्या लल्लन मियाँकडे (सईद जाफरी) साचलेली उधारी. आणि दारोदार जाऊन 'चमको' पावडरचं प्रात्यक्षिक दाखवणारी दीप्ती नवल. ज्याने होस्टेलात एक वर्ष काढलंय त्याला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. पानवाल्याच्या जागी टपरीवाले काका घाला, झाली आपली विंग तयार!

आता हा सिनेमा नेटवर शोधायला बसा. पहिला घोळ नावाचा. २०१३ मध्ये डेव्हिड धवन यांनी याच नावाने रिमेक काढला. गंमत म्हणजे मूळ सिनेमाही डिजिटल साफसफाई करून त्याच दिवशी, ५ एप्रिल २०१३ ला, पुन्हा थिएटरात लागला होता. पण सर्च करणाऱ्याला दोघांतला फरक कळावा कसा? रोमन स्पेलिंगमध्ये जुन्यात 'यू' आहे आणि नव्यात 'ए', बस्स. 'गोलमाल'ची तीच गत. हृषीकेश मुखर्जींचा १९७९ चा मागितला, तर २००६ ला सुरू झालेली अख्खी मालिका हात जोडून उभी राहते. 'पती पत्नी और वो' १९७८ चा हवा, मिळतो २०१९ चा. आणि सईताईंचाच 'कथा' (१९८३) शोधलात, तर सत्यनारायणापासून भागवतापर्यंत सगळ्या कथा ऐकायला मिळतील, सिनेमा सोडून.

दुसरा घोळ हक्कांचा. कुठलंही ॲप दुसऱ्याचा जुना सिनेमा सहसा कायमचा विकत घेत नाही. ठरलेल्या मुदतीपुरता आणि ठरलेल्या देशांपुरता दाखवण्याचा परवाना घेतं. बाहेर रूम घेऊन राहणाऱ्या आपल्या मित्रांचा अकरा महिन्यांचा करार असतो ना, तसंच. करार संपला की बोजाबिस्तरा उचलायचा. म्हणून गेल्या दिवाळीत दिसलेला सिनेमा या दिवाळीत गायब होतो. त्यात ॲपंही एकमेकांत विलीन होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले, आणि त्याआधी लिहिलेल्या 'कुठे बघाल' छापाच्या याद्यांतले निम्मे पत्ते जुने झाले. मी स्वतः अशाच एका यादीवर विसंबून एका ॲपचं महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं. पोस्टर दिसलं, ट्रेलर दिसला, आणि सिनेमाच्या जागी 'उपलब्ध नाही'. पैसे अर्थातच परत नाहीत.

मग विंगमधला कुणीतरी तिसरा मार्ग सुचवतो. "कशाला डोकं लावतोस, टेलिग्रामवर पडलाय." इथेच माझा मतभेद आहे. मला कुणाला नीतीचे धडे द्यायचे नाहीत. शिवाय जो मालक सिनेमा कुठेच ठेवत नाही, त्याने चोरीच्या नावाने गळा काढावा हेही मला पटत नाही. पण फुकटच्या कॉपीचा हिशोब एकदा नीट मांडा. गाणी कापलेली, आवाज ओठांच्या मागे धावणारा, कोपऱ्यात कुणा वेबसाइटचा शिक्का. लॅपटॉपमध्ये काय शिरलं ते सबमिशनच्या आदल्या रात्री कळणार. आणि सगळ्यात मोठा तोटा वेगळाच आहे. आपण चाळीस जणांनी तो सिनेमा पाहिला, हे मालकाला कळतच नाही. त्याच्या दृष्टीने प्रेक्षक शून्य. मग जुन्या निगेटिव्हवर खर्च तो कशाला करेल? फिल्म ही काही दगडावरची अक्षरं नव्हेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कित्येक जुन्या सिनेमांची रिळं कायमची गेली. ज्याला कुणी विचारत नाही, ते हळूहळू असंच संपतं, फक्त आगीची बातमी तरी होते.

तेव्हा शोधायचंच तर इंजिनिअरसारखं शोधूया. नावापुढे साल आणि दिग्दर्शक टाकायचा, निम्मा घोळ तिथेच मिटतो. 'जस्टवॉच'सारख्या सेवेवर कुठला सिनेमा सध्या कुठल्या ॲपवर आहे, भाड्याने की सबस्क्रिप्शनमध्ये, हे पाहता येतं. तरीही पैसे भरण्याआधी त्या ॲपवर जाऊन खात्री करायची, माझा अनुभव लक्षात ठेवा. मग यूट्यूब बघायचं. जुन्या सिनेमांचे हक्क बाळगणाऱ्या कंपन्या तिथे स्वतःच्या चॅनेलवर अख्खे सिनेमे जाहिरातींसह टाकतात. १९६२ मध्ये मुंबईत पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झालेली शेमारू त्यातलीच एक. चॅनेल मालकाचं आहे की कुणा सोम्यागोम्याचं, आणि लांबी पूर्ण आहे की कापलेली, एवढं मात्र तपासायचं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आपल्या कायद्यानुसार सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे गुरुदत्त यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' (१९५५) चा २०१५ अखेर संपला, 'चलती का नाम गाडी' (१९५८) चा २०१८ अखेर. गाण्यांच्या शब्दांचे आणि चालींचे हक्क वेगळे, ते कवी-संगीतकारांच्या निधनानंतरही ६० वर्षं राहतात. 'चश्मे बद्दूर' मोकळा व्हायला २०४१ संपावं लागेल. तोवर आपली पोरं इंजिनिअरिंगला बसलेली असतील आणि आपण त्यांच्या फीचा हप्ता भरत असू!

पण मुळात हा शोध प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर एकेकट्याने का घ्यावा? पुस्तक हवं असलं तर आपण लायब्ररीत जातो, कॅटलॉग बघतो. सिनेमाला तो मान का नाही? कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना एक सवलत आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून, प्रेक्षक फक्त विद्यार्थी, स्टाफ, पालक आणि उपक्रमाशी संबंधित मंडळी असतील, तर सिनेमा दाखवता येतो. कॉपी मात्र अस्सल हवी, आणि कुणाच्या खासगी सबस्क्रिप्शनवर ही जत्रा भरवू नये, कारण ते घरगुती वापरापुरतं असतं. एक डीव्हीडी, सेमिनार हॉलचा प्रोजेक्टर आणि महिन्यातला एक शनिवार, एवढ्यात काम भागतं.

माझी ग्रंथपाल सरांना आणि रेक्टर सरांना नम्र विनंती आहे, की लायब्ररीत जुन्या मराठी-हिंदी सिनेमांचं एक कपाट सुरू करावं. रजिस्टर आम्ही ठेवू, खुर्च्याही आम्हीच लावू. आज आम्ही एकाच खोलीत राहून चौघं चार इअरफोन लावून चार सिनेमे बघतो. 'चश्मे बद्दूर'मधल्या तिघांकडे पैसे नव्हते, पण भांडायला आणि हसायला निदान एक खोली होती. आणि वर्कशॉपच्या सरांच्या वयाची माणसं ज्या सिनेमावर हसली, त्यावर आम्हीही त्यांच्या शेजारी बसून हसलो, तर व्हायवाच्या वेळी दोन्ही बाजूंना थोडी कमी भीती वाटेल. यादी करायला मी तयार आहे. पहिलं नाव कुठलं, ते तुम्हाला कळलंच असेल!