या महिन्यात पाहिलेले सिनेमे

या महिन्यात घरीच तीन सिनेमे पाहिले. प्रभातचा 'कुंकू' (१९३७) कितव्यांदा कोण जाणे. शांता आपटे अजूनही तितकीच करारी वाटते. 'श्वास' (२००४) अर्ध्यावरच बंद केला. स्वतः आजोबा झाल्यापासून तो बघवत नाही.

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (२०१३) मुलाने आग्रहाने लावून दिला. डुक्कर पकडताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि जब्याच्या घरची माणसं जागच्या जागी उभी राहतात. मला माझ्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा एक मुलगा आठवला. पोरं त्याला जातीवरून चिडवायची. मी नुसतं "गप्प बसा" म्हणायचो आणि फळ्याकडे वळायचो. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्या अंगावर येतो, तेव्हा मी खुर्चीत मागे सरकलो.

"काय झालं हो?" हिने विचारलं. काही नाही म्हटलं.