शमीची फांदी तोडू नका

मंडळी, आपल्या खलिफा सिटीच्या रस्त्यांकडेला जो घाफ दिसतो, ती आपली शमीच. पांडवांनी शस्त्रे लपवली तीच. २००८ साली ती या देशाचा राष्ट्रीय वृक्ष झाली. मुळे ३० मीटरपर्यंत खोल पाणी शोधतात. पाने इवलीशी, म्हणून पाणी कमी उडते. भर उन्हाळ्यात भोवतालचे सारे करपते तेव्हा हिला पालवी फुटते!

दसऱ्याला पूजेसाठी तिची फांदी तोडणे मला पटत नाही. (मीही एकदा आणली होती, कबूल.) तिला इथे कायद्याचे संरक्षण आहेच, पण या वाळूत एकेक पान तिला किती कष्टाने मिळते! यंदा मुलांना घेऊन झाडापाशीच जाऊ, हात जोडू. सोन्यासाठी आपट्याची पाने मुलांनी कागदाची कापावीत.